सभेत ऐकावे कसे आणि बोलणाऱ्याला सांगावे काय



या पानावर आम्ही नेहमी बेणे, खते, पाण्याच्या पाळ्या आणि खोडव्याचे पाचट यांविषयी लिहितो. या खेपेस विषय निराळा आहे. ऊस विकास विभागाच्या पानावर ‘ऐकणे’ हा काय विषय झाला, असे काही जण म्हणतील. पण कार्यक्षेत्रातल्या गावांतून मेळावे, चर्चासत्रे, शिवारफेऱ्या घेता घेता आमची वीस वर्षे गेली. एवढे बोलून रानात फरक किती पडला याचा हिशेब मांडायला बसलो, तेव्हा जमा-खर्च जुळेना. बोलणे पुष्कळ झाले होते. ते ऐकणाऱ्यापर्यंत पोचता पोचता वाटेत गळत होते, फुटक्या पाटातून पाणी गळावे तसे. आणि पाट एकाच बाजूने फुटलेला नव्हता.

मेळावा संपल्यावरचा चहा सर्वांच्या ओळखीचा आहे. कप हातात घेऊन कोणी तरी जवळ येतो.

“साहेब, भाषण लई भारी झालं.”

“काय आवडलं, अण्णा?”

“सगळंच की.”

“एक तरी सांगा.”

“आता असं एकदम कसं सांगायचं?”

यात अण्णांची थट्टा करण्याचा हेतू नाही. आम्हीही पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रावर किंवा मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये प्रशिक्षणाला जातो, शास्त्रज्ञांचे व्याख्यान ऐकतो, टाळ्या वाजवतो आणि जेवायला उठतो. परत आल्यावर “काय सांगितलं तिथं?” असे शेती ऑफिसात कोणी विचारले, की आमचीही अण्णांसारखीच गत होते. पण हा प्रकार नुसता हसण्यावारी नेण्याजोगा नाही, हे आम्हाला एका जिप्समच्या टेम्पोने शिकवले. ते आधी सांगतो.

सहा-सात वर्षांमागची गोष्ट. गाव आपल्याच कार्यक्षेत्रातले, नदीकाठचे. नाव सांगत नाही. आपल्या शिरोळ तालुक्याला कृष्णा, पंचगंगा, वारणा, दूधगंगा असे चार नद्यांचे पाणी. काळी खोल जमीन, बारमाही पाणी आणि उसामागे ऊस. त्यामुळे रानेच्या राने चिबड आणि खारवट होऊन पडली, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. त्या गावात आम्ही क्षारपड जमीन सुधारणेवर तासभर बोललो. आम्ही सांगितले ते असे. पहिल्यांदा माती तपासा. कारण खारवट जमीन वेगळी आणि चोपण जमीन वेगळी. खारवट रानात वर पांढरे मीठ फुललेले दिसते, अहवालात क्षारता चारच्या वर येते, सामू मात्र साडेआठच्या आत असतो. तिथे औषध एकच, ते म्हणजे निचरा. चर काढून किंवा पाइप पुरून वाट करून द्यायची आणि चांगल्या पाण्याने क्षार धुऊन काढायचे. चोपण रानात सोडियम मातीला चिकटून बसलेला असतो, सामू साडेआठच्या वर जातो, पाणी मुरत नाही, वाळले की दगड आणि भिजले की लोणी. तिथे जिप्सम लागतो. जिप्सममधला कॅल्शियम सोडियमला हुसकून काढतो. पण हुसकलेला सोडियम पाण्याबरोबर बाहेर गेला पाहिजे, म्हणून तिथेही आधी निचरा, मग जिप्सम.

सांगितले ते बरोबर सांगितले. पण टेबलावर नमुना म्हणून जिप्समची पिशवी ठेवली होती. तासभर सगळ्यांच्या डोळ्यांपुढे तीच.

अडीच-तीन महिन्यांनी एक सभासद गट ऑफिसात आले. टेम्पोभर जिप्सम आणून त्यांनी एकरभर रानात विस्कटला होता. पैसे उसाच्या बिलातले. रानात काडीचा फरक नव्हता. आम्ही जाऊन पाहिले तर रान पांढरेफटक, सरळसरळ खारवट, दोन फुटांवर पाणी आणि चराचा पत्ता नाही. माती तपासलेलीच नव्हती.

ते म्हणाले, “तुम्हीच सांगितलासा की.”

आम्ही म्हणालो, “मी आधी चर म्हणालो होतो.”

“जिप्सम म्हणालासा. पिशवी बी दाखवलासा.”

दोघांचेही खरे होते, आणि दोघांच्या खरेपणाने त्यांचे पैसे काही परत येणार नव्हते. ते गृहस्थ पुढे दोन वर्षे कुठल्याच मेळाव्याला आले नाहीत. दुसऱ्यांनाही सांगत राहिले, की कारखान्याचे लोक जिप्सम खपवायला येतात.

आम्हाला झोंबले. मग त्या दिवशी हजर असलेल्यांपैकी आणखी चार-पाच जणांना गाठून सहज विचारले, की मी काय सांगितले होते? एकाने जिप्सम सांगितले. एकाने ताग-धैंचा. एक म्हणाले, “उसच लावू नका म्हणालासा, म्हणून आम्ही निम्म्यातनंच उठलो.” आम्ही एक हंगाम हिरवळीचे पीक घ्या म्हणालो होतो, त्याचा हा अवतार. एकांना भाषणातला पाडेगावचा उल्लेख तेवढा आठवत होता, कारण त्यांच्या बहिणीचे सासर फलटणकडचे. आणि एक जण फोन आला म्हणून बाहेर गेले होते, ते परत आले तेव्हा आभारप्रदर्शन चालू होते. तासाभराच्या एका भाषणाची अशी पाच भाषणे झाली होती. त्यांतले एकही आमचे नव्हते.

बरे, याच माणसांना उसाच्या दराचा आकडा विचारा. जयसिंगपूरच्या मैदानावर ऊस परिषदेला उभ्याउभ्या ऐकलेला आकडा रुपयासकट सांगतील, मागल्या साली कोणत्या कारखान्याने किती दिला तेही. तेव्हा आपल्याला ऐकता येत नाही असे मुळीच नाही. ज्यात आपले काही अडकले आहे असे वाटते तिथे कान आपोआप लागतो. चरात आणि सामूत आपले काय अडकले आहे, हे त्या तासाभरात आम्ही कोणाला वाटू दिले नाही. त्यांनीही विचारले नाही.

याच सुमारास आम्हाला पदविकेच्या वेळी शिकलेला एक धडा आठवला. विस्तार शिक्षणाच्या पुस्तकात तो चार ओळींत होता आणि तेव्हा परीक्षेपुरता पाठ करून आम्ही सोडून दिला होता. पुन्हा काढून वाचला तेव्हा त्यात आपल्या जिल्ह्याचे नाव सापडले.

गोष्ट १९५६ सालची. आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग केला. त्या वेळच्या मुंबई राज्यातले पाच मराठी जिल्हे निवडले. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर. सुमारे दीडशे गावांत रेडिओ श्रोत्यांची मंडळे काढली. मंडळात जास्तीत जास्त वीसेक माणसे, त्यांत एक अध्यक्ष आणि एक निमंत्रक. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा शेतीचा, आरोग्याचा, गावसुधारणेचा असा कार्यक्रम लागायचा, आणि असे वीस कार्यक्रम झाले. मंडळींनी एकत्र बसून ऐकायचे. इथवर काही विशेष नाही. विशेष पुढे आहे. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करून तिथेच चर्चा करायची. काय पटले, काय पटले नाही, आपल्या गावात यातले काय जमेल, काय कळले नाही. निमंत्रकाने ते कागदावर उतरवून आकाशवाणीला पाठवायचे. आणि पुढच्या कार्यक्रमात आकाशवाणी त्या शंकांना उत्तरे देणार. ऐका, चर्चा करा, कृती करा, असे त्याचे ब्रीद होते. मूळ कल्पना कॅनडातली. तिथे १९४१ पासून शेतकऱ्यांची अशी रेडिओ मंडळे चालत होती.

मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाची पाहणी केली. पॉल न्यूराथ हे प्राध्यापक ते काम पाहत होते. त्यांनी तीन तऱ्हेची गावे ताडून पाहिली. एक तऱ्हा मंडळे असलेल्या गावांची, दुसरी नुसता रेडिओ असलेल्या पण मंडळ नसलेल्या गावांची आणि तिसरी दोन्ही नसलेल्या गावांची. प्रयोगाआधी आणि प्रयोगानंतर लोकांना त्या विषयांवरचे प्रश्न विचारले. मंडळे असलेल्या गावांत लोकांची माहिती चांगली वाढलेली दिसली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत वाढ किरकोळ. रेडिओ तोच, बोलणारा तोच, शब्दही तेच, फरक एवढाच की एकीकडे ऐकून झाल्यावर लोक आपसांत बोलत होते आणि बोलणाऱ्याला उलट कळवत होते. १९५९ साली सरकारने ही मंडळे देशभर सुरू केली. पुढे ती विरत गेली. योजना जशा विरतात तशीच.

आमच्या मनात यातला एकच भाग घर करून बसला, तो म्हणजे तो कागद. पुण्यात बसलेल्या बोलणाऱ्याला गावचा माणूस दिसत नव्हता. त्याला ‘झकास झाले’ म्हणायला चहाच्या वेळी कोणी जवळ येत नव्हते. त्यामुळे त्याच्याकडे जे यायचे ते नेमके यायचे. आम्ही लोकांपुढे उभे राहून बोलतो आणि आम्हाला तेवढेही मिळत नाही.

तसे पाहिले तर ही रीत आपल्याला परकी नाही. दासबोधाची रचनाच श्रोता आणि वक्ता यांच्या संवादाची आहे. श्रोता मध्येच शंका काढतो, आक्षेप घेतो, आणि वक्त्याला त्याचे निरसन केल्यावाचून पुढे सरकता येत नाही. शंका काढणारा श्रोता तिथे उद्धट ठरत नाही. आपल्या मेळाव्यात मात्र कोणी हात वर केला, की मागून आवाज येतो, “अरे बस की खाली, साहेबांस्नी उशीर होतोय.” साहेबांना कसलाही उशीर होत नसतो. खरे सांगायचे तर जेवण तयार असते.

आता ऐकण्याविषयी. आम्हाला अनुभवाने जे सुचले ते असे.

मेळाव्याला येताना आपल्या रानाचा एक प्रश्न घेऊन यावे. रिकाम्या पोत्यात काय भरायचे हे ठरलेले नसले तर जे मिळेल ते भरले जाते. ज्याच्या डोक्यात ‘ओढ्याकडच्या पंधरा गुंठ्यांत उगवण का होत नाही’ हा प्रश्न आहे, त्याला तासाभराच्या भाषणातली त्याच्या कामाची तीन वाक्ये बरोबर सापडतात. माती परीक्षणाचा कागद असेल तर खिशात घालून आणावा. घरी फडताळात ठेवून त्याचा काही उपयोग नाही.

आकड्यांच्या वेळी जागे राहावे. औषधाचे प्रमाण सांगताना बोलणारा ‘लिटरला’ म्हणाला, ‘पंपाला’ म्हणाला की ‘एकराला’ म्हणाला, यात पीक जगण्या-मरण्याचा फरक आहे. त्यात पंपही आता एका मापाचे राहिले नाहीत. कोणाचा पंधरा लिटरचा, कोणाचा वीसचा, आणि ट्रॅक्टरवाल्याचा हिशेब दोनशे लिटरच्या बॅरलवर. तणनाशकाने ऊस पिवळा पडला म्हणून बोलावणे आले आणि आम्ही गेलो, की पुष्कळदा प्रमाण बरोबर पाठ असते, माप तेवढे चुकलेले असते. तेव्हा प्रमाण कानावर पडले की लगेच मोठ्याने परत म्हणावे, “साहेब, पंधरा लिटरच्या पंपाला एवढं, बरोबर?” यात लाज कसली? किराणा दुकानदारसुद्धा उधारी लिहिताना आकडा परत म्हणतो.

आणखी एक अवघड गोष्ट आहे. समोरचा बोलत असताना आपण मनात उत्तर जुळवत असतो. ‘याला काय कळतंय, याच्या बापानं कधी लावण केलीया?’ असे एकदा मनात आले, की पुढचे सारे बहिऱ्या कानावर. पण यात सभासदांपेक्षा आम्ही अधिकारी मंडळी जास्त पक्की आहोत, हे कबूल करतो. एकदा एक सभासद सांगू लागले, “साहेब, खोडवा नीट फुटंना...” आम्ही पुढे बोलू दिलेच नाही. बुडखे जमिनीलगत छाटा, पाचट कुजवा, पहिली खतमात्रा वेळेवर द्या, सारे एका दमात. ते मान डोलवत राहिले आणि गेले. नंतर स्लिपबॉयकडून कळले, की त्यांना सांगायचे होते ते वेगळेच. तोडणी मशीनने झाली, रान ओले होते, चाकांनी सऱ्या-वरंबे दाबून रस्त्यासारखे केले होते. बुडखे त्यांनी आमच्या आधीच छाटले होते. दोन मिनिटे गप्प बसलो असतो तर ती फेरी वाया गेली नसती.

ऐकल्यावर बोलणाऱ्याला काय सांगावे, हा भाग आपल्याकडे अगदीच दुबळा आहे. आपल्याला दोनच गोष्टी येतात, हार घालणे किंवा सभा उधळणे. हल्ली तिसरी आली आहे. मोबाईलच्या ग्रुपवर मेळाव्याचा फोटो पडला की त्याखाली सगळे अंगठे उठवतात. आजोबांच्या काळी सही येत नव्हती म्हणून अंगठा उठवत होते, त्याला आपण अडाणीपणा म्हणत होतो.

‘लई भारी’ या शब्दांनी बोलणाऱ्याला बरे वाटते, पण पुढच्या गावात तो तीच चूक घेऊन जातो. ‘काय बी कळलं न्हाई’ या शब्दांनी तो खट्टू होतो, आणि कुठे कळले नाही हे ठाऊक नसल्याने तरीही तीच चूक घेऊन जातो. बोट नेमक्या जागेवर ठेवले पाहिजे. आम्हाला मिळालेला सर्वांत उपयोगाचा शेरा नांदणीकडच्या एका तरुण सभासदाचा होता. तो म्हणाला, “साहेब, खारवट आणि चोपण यातला फरक तुम्ही मीठ आणि दगड-लोणी असा सांगितला, तो डोक्यात बसला. पण त्यानंतर ‘विद्युत वाहकता’ म्हणालासा आणि तिथनं माझी गाडी सुटली. ती परत मिळालीच न्हाई.” किती नेमके! काय बसले ते सांगितले, कुठे सुटले ते सांगितले. तेव्हापासून आम्ही विद्युत वाहकता हा शब्द मेळाव्यात वापरत नाही. क्षारता म्हणतो आणि अहवालातल्या आकड्यावर बोट ठेवून दाखवतो.

त्याने एक गोष्ट आणखी चांगली केली. पहिल्यांदा जे सांगितले ते खरे होते. टीका करण्याआधी दोन गोड शब्द बोलावेत असे पुष्कळ जण सांगतात. पण ते गोड शब्द उगीचचे असतील तर बोलणाऱ्याला लगेच ओळखू येतात, आणि तो पुढच्या काठीची वाट पाहत उभा राहतो. खरोखर काही बसले असेल तर तेच सांगावे. काहीच बसले नसेल तर सरळ विचारावे, “तुम्हाला यातली मुख्य गोष्ट कोणती सांगायची होती?” हा प्रश्न ऐकून भल्याभल्यांची बोबडी वळते. आमची वळली आहे.

बोलण्याच्या ढबीविषयी सांगायचे असेल, म्हणजे आवाज फार खाली, बोलणे फार भरभर, एकच विनोद प्रत्येक गावात, तर ते बाजूला घेऊन एकट्याला सांगावे. माहिती चुकली असेल तर मात्र तिथल्या तिथे सर्वांसमोर विचारावे. चुकीचे प्रमाण घेऊन शंभर माणसे घरी गेल्यावर तुम्ही चहाच्या वेळी कानात सांगून काय उपयोग? एकदा आम्ही स्वतः वाणाच्या बाबतीत गल्लत केली होती. को ८६०३२ चे गुणगान करता करता खारवट रानातही तोच लावा असे बोलून गेलो. खारवट-चोपण रानासाठी शिफारस आहे ती फुले २६५ ची. समोर बसलेल्या दोघा-तिघांना ती माहीत होती, त्यांनी एकमेकांकडे पाहिले आणि गप्प बसले. का, तर साहेबांचा मान राहावा. मान राहिला आणि बेणे चुकले. असला मान आम्हाला नको.

विक्रमी उत्पादन काढलेल्या सभासदाचा सत्कार होतो आणि त्यांना दोन शब्द बोलायला सांगतात, तेव्हा तर ऐकणाऱ्यांची जबाबदारी दुप्पट. ते भाबडेपणाने सांगतात, “काय न्हाई, शेणखत घातलं, वेळेवर पाणी दिलं.” टाळ्या. पण कोणी उठून विचारले, की मामा, शेणखत किती ट्रॉली, लावण कुठल्या तारखेला, सरी किती फुटी, भरणीच्या वेळी काय काय दिले, तर खरी माहिती बाहेर येते. त्यांना लपवायचे नसते. विचारले जात नाही म्हणून राहून जाते. पहिल्यांदाच माइकपुढे उभा राहिलेला पोरगा असेल, तर त्याला एका वेळी एकच सुधारणा सांगावी. पाच सांगितल्या तर तो पुन्हा उभा राहणार नाही.

वार्षिक सभेविषयी फार लिहीत नाही. विषय वाचून होण्याआधी ‘मंजूर, मंजूर’ आणि पलीकडून ‘नामंजूर’ अशी ओरड कोणत्या कारखान्याच्या सभेत होत नाही? दोन्हीकडच्या किती जणांनी अहवाल उघडला होता, हा प्रश्न आम्ही मनातच ठेवतो.

आमच्या विभागाने मात्र त्या जिप्समनंतर रीत बदलली. आता आम्ही वीस मिनिटांच्या वर सलग बोलत नाही. वीस मिनिटे झाली की थांबतो आणि समोरच्या कोणाला तरी सांगतो, “शेजारच्याला मी काय म्हणालो ते सांगा.” सुरुवातीला लोक लाजतात, हसतात. मग एक जण सांगतो, दुसरा दुरुस्त करतो, आणि कुठे पाट फुटला ते आम्हाला उभ्याउभ्या दिसते. शेवटी चिठ्ठ्या घेतो. चिठ्ठीवर नाव नको. एक गोष्ट काय कळली, एक काय कळली नाही, एवढेच. पुढच्या मेळाव्याची सुरुवात त्या चिठ्ठ्यांच्या उत्तरांनी. १९५६ च्या कागदाचीच ही नक्कल आहे. आणि टेबलावर आता पिशवी नसते, माती परीक्षणाचा नमुना-अहवाल असतो.

या चिठ्ठ्यांत आणि प्रश्नांत जे येते ते आम्हाला पुस्तकात सापडले नव्हते. जिप्सम प्रकरण झाले त्याच गावात दोन वर्षांनी पुन्हा क्षारपडीवरच बैठक ठेवली. या वेळी महिला सभासद आणि सभासदांच्या घरच्या महिलांनाही बोलावले होते. त्या नेहमीप्रमाणे मागे, भिंतीला टेकून. वीस मिनिटांनी थांबलो, तेव्हा मागून एक काकी उठल्या.

“साहेब, तुम्ही चर काढा म्हणालासा. खरं ते पाणी सोडायचं कुणाच्या रानात?”

सगळे गप्प. मग पुरुष मंडळी हसली. आम्ही हसलो नाही, कारण आमच्याकडे उत्तर नव्हते. इतकी वर्षे आम्ही प्रत्येकाला ‘आपल्या रानात चर काढा’ सांगत आलो होतो. चराचे पाणी बांधावर जाऊन थांबते, पुढे शेजाऱ्याचे रान, त्याच्यापुढे त्याच्या भावकीचे, आणि ओढा चार बांध पलीकडे. भांगलायला आणि वैरणीला रोज त्या बांधांवरून चालणाऱ्या बाईला ते दिसत होते. फळ्यावर चर काढणाऱ्या आम्हाला दिसत नव्हते. लोक चर का काढत नाहीत, याचे कारण आम्ही आळस समजत होतो.

त्या दिवशी भाषण तिथेच थांबले. फळ्यावर गटाचा नकाशा काढला. ओढा कुठे, उतार कुठे, कोणाचे रान मध्ये येते. बोलण्याचे काम लोकांनी केले, आम्ही लिहीत होतो. एकेकट्याने न करता ओढ्यापर्यंत एक सामाईक मोठा चर आणि प्रत्येकाचा निचरा त्याला जोडलेला, ही गोष्ट त्या नकाशावरून कोणी न सांगता पुढे आली. आपल्या तालुक्यात अशा तऱ्हेने गटागटाने निचरा करून पडीक जमिनी पुन्हा उसाखाली आल्या आहेत, ती उदाहरणे मग सांगितली. या वेळी ती कानात शिरली, कारण प्रश्न त्यांचा होता. मधल्या एका रानाच्या मालकाची समजूत काढायला पुढे आठ-नऊ महिने गेले. त्यांच्या घरी पाच वेळा जाऊन आम्ही काहीही न पटवता नुसते ऐकले. मग चर झाला. जिप्समचा टेम्पो ओतलेले ते सभासदही त्यात सामील झाले, मात्र आमच्याशी बोलायला त्यांना आणखी एक हंगाम लागला.

त्या काकी आता बैठकीला पुढच्या रांगेत बसतात. गेल्या खेपेच्या चिठ्ठ्या ऑफिसात उघडल्या, त्यांत एक होती. नाव नव्हते, पण आम्हाला वाटते ती त्यांचीच. लिहिले होते, “चर कळला. जिप्सम कळला. साहेब फळ्याकडं तोंड करून बोलत्यात, तवा निम्मं ऐकू येत न्हाई.”

आडसाली लावणीआधीची बैठक नेहमीप्रमाणे गटवार होईल. तारखा स्लिपबॉय कळवतील. फळा या वेळी बाजूला लावणार आहोत.